यंत्राची चाल आणि इमारतीचा घाट

मुंबईच्या परळ, लालबाग, भायखळा या भागांत ज्या जुन्या कापडगिरण्यांचे इमले अद्याप उभे आहेत, त्यांच्याकडे पाहताना आपली दृष्टी प्रथम जाते ती त्यांच्या धुराड्यांकडे. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण गिरणगावाची ओळख दुरून पटवून देण्याचे काम त्या धुराड्यांनी पिढ्यान् पिढ्या केले. परंतु तीच दृष्टी जरा खाली आणून त्या इमारतींचा घाट निरखून पाहिला, तर काही प्रश्न मनात उभे राहिल्यावाचून राहत नाहीत. सूतकताईची इमारत लांबट, अरुंद आणि तीनचार मजली का असते, तिला भिडून असलेले विणकामाचे खाते मात्र एकमजली, ऐसपैस आणि करवतीच्या दात्यांप्रमाणे वरखाली होणाऱ्या छपराचे का असते, आणि रुई पिंजण्याची जागा या दोहोंपासून फटकून, जाड भिंतीच्या आडोशाला का ठेवलेली असते? वास्तुशिल्पज्ञाच्या अभिरुचीचा शोध घेऊन या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती इंजिनघरात, दोरांच्या खोबणीत आणि सुताच्या तुटण्यात सापडतात.

देवालय किंवा राजवाडा बांधताना बांधणाऱ्याच्या मनात काही एक भावना अगोदर असते आणि दगडविटा तिच्या सेवेला हजर होतात. कारखान्याच्या बाबतीत यंत्राची गरज अगोदर ठरते आणि भिंत त्या गरजेभोवती उभी राहते. एवढे सांगून हा विषय संपला असता, तर तो लिहिण्याजोगाही झाला नसता. त्याची खरी गोडी आणि खरी वेदनाही अशी, की यंत्राचे आयुष्य वीसपंचवीस वर्षांचे असते आणि भिंतीचे शंभरांचे. त्यामुळे प्रत्येक नवे तंत्र प्रथम जुन्या इमारतीत बिऱ्हाड करते, तिथल्या अडचणी सोसते, आणि त्याला स्वतःचा असा घाट सापडेपर्यंत बहुधा एक पिढी निघून जाते. कारखान्यांच्या वास्तुकलेचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास हा अशा उशिरांचा इतिहास आहे, असे मला वाटते.

इंग्लंडात डर्बी येथे डरवेंट नदीच्या काठी जॉन लोम यांची रेशमाची गिरणी १७२१ च्या सुमारास पुरी झाली. ती पाच मजली होती. पुढे त्याच नदीच्या खोऱ्यात क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइट यांनी १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली, आणि तिने जो नमुना घालून दिला तो पुढे शंभर-सव्वाशे वर्षे जगभर गिरवला गेला. हा नमुना उंच का झाला याचे कारण शक्तीच्या वाटपात आहे. पाणचक्की असो की वाफेचे इंजिन, शक्ती एकाच ठिकाणी निर्माण होत असे आणि तेथून ती शेकडो यंत्रांपर्यंत लोखंडी दांड्यांनी, दातेरी चाकांनी आणि चामड्याच्या पट्ट्यांनी पोहोचवावी लागे. प्रत्येक मजल्याच्या आढ्याशी एक लांबलचक दांडा फिरत असे, त्याला आपल्याकडे गिरणीतले लोक लाइन शाफ्ट म्हणत. त्यावरच्या पुलीवरून एकेक पट्टा खाली उतरून एकेका यंत्राला गती देई. हा दांडा जितका लांब तितका तो पिळवटला जाणार, त्याच्या बैठकींत तितके घर्षण होणार, आणि इंजिनाच्या शक्तीचा बराच मोठा हिस्सा नुसते दांडे फिरवण्यातच खर्ची पडणार. तेव्हा यंत्रे दूरवर पसरण्यापेक्षा ती इंजिनाच्या जवळ, एकावर एक मजल्यांत रचणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. रुंदीला दुसरी मर्यादा होती ती उजेडाची. भिंतीतील खिडकीचा प्रकाश काही ठराविक अंतरापर्यंतच आत येतो, आणि तुटलेला बारीक धागा नेमका दिसून तो जोडता आला नाही तर सारे यंत्रच व्यर्थ. दांड्याने लांबी आणि उंची ठरवली, खिडकीने रुंदी ठरवली, आणि मधल्या जागेत माणसाने स्वतःला बसवून घेतले.

या व्यवस्थेचा तपशील पाहण्यासारखा आहे. इंजिनघरातील प्रचंड गतिचक्राच्या कडेला ओळीने खोबणी पाडलेली असत, आणि प्रत्येक खोबणीतून एक जाडजूड दोर निघून एका उंच, अरुंद, खिडकी नसलेल्या कप्प्यातून वरच्या निरनिराळ्या मजल्यांकडे जाई. हे दोर पुष्कळदा कापसाचेच वळलेले असत. म्हणजे कापूस कातणाऱ्या गिरणीला कापूसच ओढत असे. बिडाच्या खांबांच्या माथ्याशी जे सपाट, भोके पाडलेले कान ओतीव कामातच सोडलेले असत, ते केवळ शोभेसाठी आहेत असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्यांवर शाफ्टच्या बैठकी बोल्टांनी आवळलेल्या असत. मग खांबांमधील अंतर कोण ठरवणार? अर्थात यंत्र. म्यूल नावाचे सूतकताईचे जे यंत्र लँकेशायरात प्रिय होते, त्याची गाडी हजारांहून अधिक चात्या घेऊन सुमारे पाच फूट पुढे येई आणि पुन्हा मागे जाई. एवढ्या लांबीच्या गाडीच्या वाटेत खांब येऊन चालणार नव्हता. म्यूल जसजसा लांबत गेला तसतशी गिरणीही रुंद होत गेली, आणि रुंद झालेल्या मजल्याच्या मध्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून खिडक्या उंच होत गेल्या.

आगीची धास्ती हे दुसरे मोठे कारण, आणि रुई पिंजण्याची जागा फटकून ठेवण्यामागेही तेच. लाकडी तक्तपोशी, तिच्यात वर्षानुवर्षे मुरलेले वंगण, हवेत तरंगणारी कापसाची पूस आणि दिव्याची ज्योत. या चौघांची गाठ पडली की घटकाभरात गिरणीची राख होई. म्हणून इंग्लंडातील श्रूजबरीजवळ डिथरिंग्टन येथे चार्ल्स बेज यांनी १७९७ मध्ये जवसाच्या (लिननच्या) सुताची जी गिरणी उभारली, तिच्या खांबांना आणि तुळयांना लाकूड मुळीच न वापरता बीड वापरले आणि तुळयांमध्ये विटांच्या लहान कमानी टाकल्या. लोखंडी सांगाड्याची ही पहिली इमारत मानली जाते. पुढच्या शतकात शिकागो आणि न्यूयॉर्क येथे जे गगनचुंबी प्रासाद उभे राहिले त्यांच्या सांगाड्याचा पूर्वज आगीला भ्यालेल्या एका सूतगिरणीत सापडावा, ही गोष्ट वास्तुकलेच्या ग्रंथांनी अधिक ठळकपणे सांगायला हवी.

हा सिद्ध झालेला नमुना मुंबईत आला तो कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीबरोबर, जी १८५६ मध्ये चालू झाली. यंत्रसामग्री लँकेशायरहून येई, तिच्याबरोबर मांडणीचे नकाशे येत, आणि पुष्कळदा ती बसवणारे कारागीरही येत; त्यामुळे मुंबईच्या गिरणीचा घाट जन्मतःच परदेशी होता. पण हवा आणि सूर्य मुंबईचेच होते, आणि नकाशाची खरी परीक्षा तेथे झाली.

विणकामाच्या खात्याचे, गिरणगावाच्या बोलीत साळखात्याचे, उदाहरण घ्यावे. माग मिनिटाला दीडदोनशे वेळा धोटा फेकतो आणि तितक्याच वेळा फणीचा ठोका देतो. असे शेकडो माग एकदम चालू लागले की वरचा मजला थरथरू लागतो. सबब माग जमिनीवरच असले पाहिजेत, आणि जमिनीवर पसरलेल्या एवढ्या विस्तीर्ण दालनाला भिंतीच्या खिडक्या पुरत नाहीत म्हणून उजेड छपरातूनच घेतला पाहिजे. यातून ते करवती छप्पर जन्मले: प्रत्येक दात्याची एक बाजू उभी आणि काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली, दुसरी उतरती आणि कौलांची वा पत्र्याची. उत्तरेचा प्रकाश सौम्य आणि दिवसभर जवळपास सारखा असतो, त्यात ऊन नसते, आणि कापडावरील दोष त्या उजेडात लपत नाही. पण हा हिशेब लँकेशायरच्या अक्षांशाचा होता. मुंबई उत्तर अक्षांश १९ वर आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे जी काच ऊन टाळण्यासाठी बसवली तिच्यातूनच ऐन उकाड्याच्या दिवसांत ऊन आत उतरते. जूनमध्ये ढग येतात म्हणून निभावते. मग दात्यांमधील पन्हळींत मुंबईचा पाऊस साचतो. ते पाणी उतरवण्यासाठी काही ठिकाणी बिडाचे खांब पोकळ ओतलेले असत आणि छपराचे पाणी खांबाच्या पोटातूनच जमिनीखालच्या गटारात जाई. एकच खांब छप्पर धरतो, शाफ्ट धरतो आणि पावसाचे पाणीही वाहून नेतो, ही काटकसर पाहून त्या अनामिक आरेखकांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

हवेचा प्रश्न याहून नाजूक होता. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. लँकेशायरची ओलसर हवा आणि मुंबईची समुद्रावरची हवा या उद्योगाला मानवली यात आश्चर्य नाही. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढे विदर्भाचा उन्हाळा उभा होता, आणि हवेत ओलावा सोडण्याची यंत्रे ही तेथे चैन नसून धंद्याची अट होती. मात्र या ओलाव्याची किंमत मजुराने मोजली. दमट हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवीत. इंग्लंडात तर विणकामाच्या खात्यांत सरळ वाफ सोडीत, आणि कामगारांनी त्याविरुद्ध इतका आवाज उठवला की १८८९ मध्ये तेथील संसदेला त्या ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. जी खिडकी बांधताना माणसाला वारा मिळेल असे वाटले होते ती धाग्यासाठी बंद झाली. आज घरोघरी पोहोचलेल्या वातानुकूलनाचे मूळही येथेच आहे: विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील ओलावा आवरणारी योजना केली ती कागद फुगून रंग सरकू नयेत म्हणून, आणि १९०६ मध्ये ‘एअर कंडिशनिंग’ हा वातानुकूलनाचा इंग्रजी शब्दप्रयोग प्रथम केला तो स्टुअर्ट क्रेमर यांनी, कापडगिरण्यांच्या संदर्भात. माणसाला गारवा मिळाला तो कागदाच्या आणि सुताच्या मागोमाग.

आता विजेकडे वळू. वीज गिरण्यांत प्रथम आली ती दिव्याच्या रूपाने, आणि तिने इमारतीला हात न लावता दिवस मात्र लांबवला. सूर्यास्ताबरोबर यंत्रे थांबत होती तोपर्यंत खिडकी ही मजुराची मूक कैवारी होती. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले, कामाचे तास वाढले आणि मजुरांनी त्याविरुद्ध काम बंद पाडले. पुढे १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजघर चालू झाले, लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली उतरू लागले आणि मुंबईच्या गिरण्यांना विद्युत्शक्ती मिळू लागली. येथे कोणाची अपेक्षा असेल, की गिरण्यांचे रूप पालटले असेल. तसे घडले नाही. वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसली आणि तिने तेच दोर, तेच शाफ्ट, तेच पट्टे ओढायला सुरुवात केली. अमेरिकेतही हेच झाले. तेथील कारखानदारांनी विजेला कित्येक वर्षे इंजिनाचीच नोकरी दिली. प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटर देता येते, मग शाफ्ट नको, शाफ्ट नको तर आढ्याशी तो पट्ट्यांचा दाट गुंता नको, आणि यंत्रे इंजिनाच्या दिशेने नव्हे तर कामाच्या क्रमाने मांडता येतात, ही गोष्ट कागदावर सर्वांना कळत होती. परंतु चार मजली इमारत पाडून ती अमलात आणण्याचे धैर्य नव्या जागेवर नवा कारखाना घालणाऱ्यांनाच झाले.

या बदलाचा एक परिणाम महाराष्ट्राने फार जवळून पाहिला, आणि त्याची नोंद वास्तुकलेच्या इतिहासात क्वचितच होते. ज्या क्षणी मागाला स्वतःची मोटर मिळाली, त्या क्षणी माग गिरणीतून मोकळा झाला. आता त्याला इंजिन नको, धुराडे नको, चार मजले नकोत. एक पत्र्याचे छप्पर, विजेची जोडणी आणि जमिनीत घट्ट बसवलेले पाय पुरेत. इचलकरंजीत श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने यंत्रमागाचा धंदा रुजला, भिवंडी आणि मालेगाव येथेही तो फोफावला, आणि गिरणी नावाची जी एकसंध वास्तू होती तिची शेकडो लहान शेडांत वाटणी झाली: एकीकडे सुताला खळ देणारे सायझिंग, दुसरीकडे माग, तिसरीकडे प्रोसेसिंग, आणि या सर्वांमधून बिमे आणि तागे वाहणारे टेंपो. जे काम गिरणीत एका दालनातून दुसऱ्या दालनात होत होते ते आता गावाच्या रस्त्यावरून होऊ लागले. इचलकरंजीच्या एखाद्या गल्लीत उभे राहावे. दुतर्फा भिंतींतून मागांचा तोच ठोका ऐकू येतो, पण खिडक्या लहान, छप्पर खाली आलेले, दोन मागांमधून कारागिराला तिरके होऊनच जावे लागते, आणि कित्येक ठिकाणी त्याच भिंतीपलीकडे खर्चीवाल्याचे, म्हणजे दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याचे, घर असते. करवती छपराखालच्या त्या विस्तीर्ण, उजळ साळखात्याशी याची तुलना केली म्हणजे लक्षात येते, की तंत्र पुढे गेले म्हणून काम करण्याची जागा सुधारतेच असे नाही. गिरणीला मोठा उजेड द्यावाच लागत होता, कारण शेकडो माग एका छपराखाली असणे तिला भागच होते. एकट्या मोटरीने ती सक्ती संपवली आणि सक्तीबरोबर उजेडही गेला.

मोटारगाडीच्या कारखान्यांत हाच इतिहास अधिक वेगाने घडला. डेट्रॉइटचे वास्तुशिल्पज्ञ आल्बर्ट कान यांनी हेन्री फोर्ड यांच्यासाठी हायलंड पार्क येथे जो कारखाना बांधला तो १९१० च्या आरंभी चालू झाला. सुमारे ८६५ फूट लांब, ७५ फूट रुंद आणि चार मजली असे त्याचे मुख्य दालन सलोह काँक्रीटचे होते. काँक्रीटमुळे भिंतीवरचा भार खांबांवर गेला आणि भिंतीची जागा काचेने घेतली, इतकी की लोक त्याला स्फटिकमहाल म्हणू लागले. त्याची योजना गुरुत्वाकर्षणावर आधारलेली होती: माल वर चढवायचा, वरच्या मजल्यावर लहान भाग तयार करायचे, ते तक्तपोशीतील छिद्रांतून आणि घसरगुंड्यांवरून खाली उतरवायचे आणि तळमजल्यावर गाडी जुळवायची. कल्पना चांगली होती. परंतु १९१३ मध्ये याच इमारतीत चालत्या जुळणीरेषेचा प्रयोग झाला, कामगार गाडीकडे जाण्याऐवजी गाडी कामगारापुढून सरकू लागली, आणि एक सांगाडा जुळवण्यास जेथे सुमारे साडेबारा तास लागत तेथे काही महिन्यांतच ९३ मिनिटे पुरू लागली. तंत्राची ही झेप ज्या इमारतीत घेतली गेली तीच इमारत त्या झेपेमुळे जुनी ठरली. जुळणीरेषेला सरळ, सलग, अखंड जमीन हवी असते. जिना आणि उद्वाहन हे तिचे शत्रू. १९१४ मध्ये शेजारी सहा मजली दालने उभारून, त्यांच्यामध्ये काचेचे छत असलेला क्रेनमार्ग ठेवून, माल थेट प्रत्येक मजल्याच्या सज्जावर उचलून देण्याची तजवीज कान यांनी केली. ती मोठी कल्पक होती, पण मुळात मजले ठेवायचेच कशाला, हा प्रश्न तिने नुसता पुढे ढकलला.

त्याचे उत्तर फोर्ड यांच्याच रूज नदीकाठच्या प्रचंड आवारात मिळाले. तेथे कान यांनी काँक्रीट सोडून पोलाद घेतले, मजले सोडून एकच मजला घेतला आणि भिंतींचा विचार जवळजवळ सोडूनच दिला. एकमजली पोलादी शेडमध्ये यंत्राचा भार थेट जमिनीवर जातो, खांब लांब लांब ठेवता येतात, कारखाना कोणत्याही बाजूला वाढवता येतो, आणि छपराच्या उंचावलेल्या काचपट्ट्यांतून उजेड आत व तप्त हवा बाहेर जाते. १९२३ च्या सुमारास तेथे उभारलेला काच बनवण्याचा कारखाना मला या सर्वांत सुंदर वाटतो. भट्टी, लाटण, घासणी आणि झिलई असा काचेचा प्रवास जितका लांब तितकीच इमारत लांब, आणि भट्टीच्या माथ्यावर छप्पर उंच उठलेले, कारण उष्णता तेथे आहे. यंत्राच्या चालीचे इतके प्रामाणिक शिल्प फार थोड्यांना साधले आहे. कान यांच्या कार्यालयाने १९२९ ते १९३२ या काळात सोव्हिएत रशियासाठीही पाचशेहून अधिक कारखान्यांचे नकाशे केले. भांडवलशाही आणि साम्यवाद यांचे इतर बाबतींत जमत नसले तरी शेडच्या बाबतीत दोघांचे एकमत झाले.

इटलीत मात्र फिआट कंपनीने तूरीन येथे लिंगोट्टोचा पाच मजली कारखाना बांधून १९२३ मध्ये पुरा केला. कच्चा माल तळमजल्यावर शिरे, गाडी मजल्यामागून मजला चढत जुळत जाई, आणि छपरावर सुमारे एक किलोमीटरच्या लंबगोल मार्गावर तिची परीक्षा होई. जगभरच्या वास्तुशिल्पज्ञांनी ही वास्तू डोक्यावर घेतली. पण ती पुरी होईपर्यंत अमेरिकेने मजले टाकून दिले होते, आणि फिआटनेही १९३९ मध्ये मिराफिओरी येथे पसरट कारखाना सुरू केला. लिंगोट्टो १९८२ मध्ये बंद पडला. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा तो दीर्घ संप सुरू झाला ज्यातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही. आणि गिरण्या मोडण्याच्या अनेक कारणांत, जमिनीच्या भावाइतके मोठे नसले तरी, हेही एक कारण होते की धोट्याविना चालणारे नवे जलद माग आणि सूत कातणाऱ्या लांबलचक रिंगफ्रेम यांना त्या जुन्या मजल्यांत सुखाने नांदता येत नव्हते.

मजले टाकण्याची किंमत जमिनीत मोजावी लागते. चार मजली गिरणी शहराच्या पोटात मावत होती, म्हणून कामगार चाळीतून भोंगा ऐकून पायी जात असे; एकमजली शेडला एकरच्या एकर लागतात, आणि ते शहरात मिळत नाहीत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, माळरानांवर भूखंड आखले गेले, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत शेडांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि कामगाराच्या दिवसात कंपनीच्या बसचे तासदोन तास शिरले. जुळणीरेषेने जशी इमारत पालटली तशीच शेवटी शहराची आणि संसाराची वेळापत्रकेही पालटली.

पुढची पायरी खिडकीवरच आली. अमेरिकेत फिचबर्ग येथे करवती बनवणाऱ्या एका कंपनीने १९३० च्या दशकाच्या आरंभी मुळीच खिडक्या नसलेला कारखाना बांधला. १९३८ मध्ये प्रतिदीप्त दिव्यांच्या नळ्या बाजारात आल्या, वातानुकूलन स्वस्त झाले, आणि उजेड व वारा या दोन कारणांनी इमारतीला जो आकार येत होता तो येण्याचे कारण उरले नाही. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने नव्या कारखान्यात दर कामगारामागे किमान ५०० घनफूट जागा असावी आणि ती मोजताना जमिनीपासून १४ फुटांवरची पोकळी धरू नये, अशी तरतूद केली. या एका कलमात मोठा अनुभव साठलेला आहे: उंच छपराचा दाखला देऊन खाली माणसांची दाटी करण्याची मुभा मालकाला मिळू नये. यंत्राने जी गोष्ट मागितली नाही ती कायद्याने मागावी, हे येथे उघडपणे दिसते.

स्वीडनमधील काल्मार येथे व्होल्व्हो कंपनीने १९७४ मध्ये वेगळाच प्रयत्न केला. लांब सरळ रेषेऐवजी षट्कोनी दालने, प्रत्येक कोपऱ्यात एकेका गटाचे काम, प्रत्येक गटाला बाहेर उघडणारी खिडकी, स्वतंत्र प्रवेश आणि विसाव्याची खोली. गाडी रेषेवर नव्हे तर आपोआप चालणाऱ्या वाहकावर बसून गटाकडे येई. हा कारखाना १९९४ मध्ये बंद झाला, आणि तेव्हापासून पुष्कळजण त्याचा उल्लेख अयशस्वी प्रयोग म्हणून करतात. मला ते मान्य नाही. वीस वर्षे तेथे गाड्या तयार झाल्या. आणि त्याहून महत्त्वाचे, तंत्र एकच एक घाट मागते हा जो समज झाला होता तो काल्मारने खोटा पाडला. शाफ्टच्या काळी आरेखकाचे हात खरोखर बांधलेले होते. विजेने ते सोडवले, आणि त्यानंतरही जर कामगाराला भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागत असेल, तर तो दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

आजच्या काळातील सर्वांत महागडा कारखाना संगणकाच्या चिपा बनवणारा आहे, आणि त्यात मजले परत आले आहेत, जरी कारण पूर्वीपेक्षा सर्वस्वी निराळे आहे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अशी खोली तयार केली जिच्यात गाळलेली हवा एकाच दिशेने अखंड वाहत राहते आणि धूलिकण आपल्याबरोबर घेऊन जाते. चिपांच्या कारखान्यात ही हवा वरच्या मजल्यावर गाळली जाते, छतातून खाली येते, सच्छिद्र जमिनीतून आणखी खाली जाते आणि पुन्हा वर चढते. तासाला शेकडो वेळा दालनातील हवा बदलते. खालच्या मजल्यावर पंप, नळ आणि रसायनांच्या टाक्या असतात, आणि प्रत्यक्ष उत्पादन होते ते फक्त मधल्या मजल्यावर, चौकटीदार जाड काँक्रीटवर, कारण शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारीचा हादराही तेथे सोसत नाही. ज्या विभागात प्रकाशाने नक्षी उमटवतात तेथील दिवे पिवळे असतात, कारण तेथील रासायनिक लेपाला निळा प्रकाश चालत नाही. श्वास, त्वचा आणि केस यांमुळे त्या खोलीतील सर्वांत मलिन वस्तू माणूसच ठरतो. म्हणून त्याला पायापासून डोक्यापर्यंत झाकतात, आणि शक्य तेथे त्याला बाहेरच ठेवतात. सिलिकनच्या तबकड्या बंद पेट्यांतून, छताशी टांगलेल्या रुळांवरून स्वतःच एका यंत्राकडून दुसऱ्याकडे धावतात.

पण या रुळांना उंच छत लागते, आणि लहान तबकड्यांच्या काळात बांधलेल्या पुष्कळ कारखान्यांची छते तेवढी उंच नाहीत. त्यांची यंत्रे चालू आहेत, त्यांच्या चिपांना मोटारगाड्यांपासून घरगुती उपकरणांपर्यंत मागणीही आहे, म्हणून ते पाडून नवे बांधणे कोणाला परवडत नाही. तेथे आजही पांढऱ्या झग्यातले कामगार तबकड्यांच्या पेट्या हाताने उचलून किंवा ढकलगाडीवर ठेवून एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेत असतात.